मायले सांग, बापाले सांग

माझा धाकटा भाऊ अकोल्याजवळ फुलांची शेती करतो. फोनवर तो नेहमी भांडायलाच बसल्यासारखा बोलतो, त्यामुळे "ताई, तू आजच्या आज ये" असं म्हणाला तेव्हा मी काही घाबरले नाही. मग त्याने कारण सांगितलं. त्याच्या मुलीने केलेलं गाणं पातूरच्या आमच्या मावसभावाने त्याला मोबाइलवर पाठवलं होतं, आणि त्यात ती घर सोडून निघाल्याचं म्हणत होती. कोणासोबत निघाली, ते मी सांगावं, असा त्याचा हुकूम होता.

भाची अमरावतीला माझ्याकडे राहून शिकते. त्या क्षणी ती माझ्यासमोर बसून गिलावडा खात होती आणि आणखी दही मागत होती. कुठेही निघालेली दिसत नव्हती.

कॉलेजात तिचा चार जणांचा बँड आहे. दोन गिटार, एक ड्रम आणि हिचा गळा. त्या प्रकाराला रॉक म्हणतात. सुरुवातीला मला तो नुसता गोंगाट वाटायचा. आताही गोंगाटच वाटतो, पण आपल्या माणसांचा वाटतो. ते गाणं मी मागच्या खोलीतून इतक्या वेळा ऐकलं होतं की शब्द पाठ झाले होते:

बाप म्हणे, तुह्या मायले सांग
माय म्हणे, तुह्या बापाले सांग
भिंतीले दोन्हीकडून कान
भिंतीचं तोंड मी
मी निघाली घर सोडून
आता कोणाले सांगता, सांगा

हे समजायला माझ्या भावाचं घर माहीत पाहिजे. तो आणि भावजय चारचौघांत एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. लग्न झालं तेव्हा घर भरलेलं होतं, आणि मोठ्यांसमोर नवराबायकोने सरळ बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. मग पोरगी झाली, चालायला लागली, आणि दोघांना निरोप्या मिळाला. "तुह्या बापाले सांग, जेवण वाढलं." "तुह्या मायले सांग, येतो." बाप पुढच्या खोलीत, माय सैपाकघरात, मध्ये एक भिंत. प्रत्येक शब्द दोघांनाही ऐकू जायचा, तरी पोरगी सांगून येईपर्यंत कोणी हलायचं नाही. मोठी माणसं एकेक करून गेली, रीत मात्र राहिली. एकटे असताना काय बोलत असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी विचारलेलं नाही.

पोरगी अमरावतीला आल्यावर तरी हे सुटेल असं मला वाटलं होतं. कशाचं काय! भावजय सैपाकघरातून अमरावतीला फोन लावते: बापाला गोळी घ्यायला सांग. भाची अकोल्याला बापाला फोन लावते. तो भिंतीपलीकडेच बसलेला असतो. घेतली म्हणतो, आणि मायला चहा टाकायला सांग म्हणतो. हा कारभार मी रोज सकाळी बघते आणि कपाळाला हात लावते.

असो. मी अकोल्याची बस पकडली.

दोघं अंगणात शेवंतीच्या ढिगापाशी बसून फुलं निवडत होती. मलाही बसवलं आणि माझ्यापुढे ढीग सरकवला. मी शाळेत जन्मभर मराठी शिकवलं आहे, त्यामुळे कवितेचा अर्थ सांगायचा म्हटलं की माझा आवाज आपोआप बदलतो. मी म्हटलं, घर सोडून जाणं म्हणजे पळून जाणं नव्हे. भिंत म्हणजे समाज. तोंड म्हणजे स्त्रीचा दबलेला आवाज. अजूनही काय काय म्हटलं. भावाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समाज कायचा? भिंत आपल्या सैपाकघराची हाय."

तिथे माझं निरूपण आटोपलं.

मग तो माझ्याकडे बघूनच बोलत राहिला. पोरीने आपलं हसं केलं, आता पातूरपासून परतवाड्यापर्यंत लोक म्हणतील की यांच्या घरात नवराबायकोचं पटत नाही. "तिले इचार," तो मला म्हणाला, म्हणजे हातभर अंतरावर बसलेल्या बायकोला, "आपलं पटत नाही का?" भावजयीने मान खाली घालूनच मला सांगितलं, "त्यायले सांगा, पटते." आणि मग जरा थांबून, "पोरगी थकली असन हो, ताई. लहानपणापासून नुसती ये-जा करून राहिली आमच्यासाठी. तेच म्हणते ती." तिचे डोळे भरून आले होते. मलाही वाईट वाटलं, कारण हा अर्थ मला सुचलाच नव्हता.

तेवढ्यात भाचीचाच फोन आला. मी तो स्पीकरवर ठेवला. रविवारी कॉलेजात कार्यक्रम होता आणि शेवटचं गाणं हेच ठरलं होतं. ती म्हणाली, पप्पांना लागलं असेल तर आपण ते म्हणणार नाही. बँडला सांगून टाकलं आहे. इतक्या शांतपणे म्हणाली की मला कळलं, तिला ते गाणं फार म्हणजे फार म्हणायचं आहे. मी तिला सरळच विचारलं, बाई गं, अर्थ काय तुझ्या गाण्याचा?

"अर्थ काय त्यात, आत्या. मले काळजी लागून राहिली. उद्या मी आणखी दूर गेली, माहा फोन लागला नाही, तं हे दोघं कसे राहातीन? एकमेकाले पाणी तरी मागतीन का?"

भावाच्या हातातलं फूल त्याने कुस्करून टाकलं होतं. चांगलं, मोठं, बाजारात जाणारं फूल. रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. शेवटी त्याने घसा साफ केला.

"तिले सांग, गाणं म्हण म्हणा. आमी येतो."

फोन स्पीकरवर होता, पोरगी ऐकत होती, तरी मी सांगितलं. सवय.

रविवारी दोघं आली. भावाने इस्त्रीचा सदरा घातला होता, भावजयीने पोरीसाठी डब्यात सांजोऱ्या आणल्या होत्या. सभागृहात आम्ही जसे नेहमी बसतो तसेच बसलो, तो एका बाजूला, ती दुसऱ्या, मध्ये मी. भाची मंचावर आली. घरात साधी चप्पल शोधताना गोंधळणारी ही मुलगी तिथे अशी उभी राहिली की मला अभिमानाने नीट बसवेना. शेवटचं गाणं सुरू झालं. ड्रम इतका जोरात की छातीत वाजत होता. पोरं नाचत होती, आणि "आता कोणाले सांगता, सांगा" ही ओळ सगळं सभागृह तिच्याबरोबर ओरडत होतं. चेष्टा कोणाचीच नव्हती. बहुतेकांच्या घरी अशी एखादी भिंत असावी.

भाऊ माझ्या कानाशी वाकला आणि काहीतरी म्हणाला. मी कानावर हात ठेवून मान हलवली. खरंच ऐकू येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी काही पुढे पोचवलं नसतं. त्याने पुन्हा सांगून पाहिलं. मग वैतागला, माझ्या मांडीवर हात टेकून मला ओलांडून पलीकडे झुकला, आणि शेतात हाक मारतात तसा बायकोला ओरडून विचारायला लागला. नेमका त्याच वेळी ड्रम थांबला.

"ऐकू येऊन राहिलं का तुले?"

पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. भावाचे कान लाल झाले, पण तो मागे सरला नाही. भावजयीने पदर सारखा केला. सवयीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"येते ना," ती म्हणाली. "बोला तुमी."