परत येऊन राह्यलेले साडू

जगातल्या कुठल्याही सरकारला आमच्या थोरल्या साडूंइतका प्रामाणिक माणूस परवडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. सरकार म्हणजे माणसं थोडी लबाडी करणार हे गृहीत धरून उभं केलेलं घर. त्यात हा गृहस्थ शिरला की खांब हलायला लागतात. एकदा राजूरहून भोकरदनला जाताना एसटीत इतकी गर्दी होती की कंडक्टर यांच्यापर्यंत पोचलाच नाही. दुसरा कुणी असता तर राजूरच्या गणपतीला हात जोडून मुकाट उतरला असता. साडू उतरले ते थेट कंट्रोलरच्या खिडकीशी, आणि झालेल्या प्रवासाचं तिकीट मागू लागले. असं तिकीट देता येत नाही, असं कंट्रोलर सांगतोय आणि हे खिडकी सोडत नाहीत. शेवटी त्यांनी परतीच्या गाडीत दोन तिकिटं काढली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही. आमची मेहुणी तेव्हापासून त्यांच्यासोबत एसटीने जात नाही.

पंधरा वर्षांपूर्वी त्यांना मस्कतला एसी दुरुस्तीचं काम मिळालं. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस कपडे भरतो, लोणचं भरतो, देवीला जाऊन येतो. साडूंनी हे सगळं केलंच, पण आधी तालुक्याला जाऊन स्वतःचं, बायकोचं आणि तीन वर्षांच्या रेणूचं नाव रेशनकार्डातून कमी करून घेतलं. मग मतदारयादीतून स्वतःचं आणि बायकोचं. रेशन दुकानदाराने अक्षरशः हात जोडले, म्हणाला, "राहू द्या की नाव, ते काय भाकर मागून राह्यलं का?" त्यावर साडू म्हणाले, "मी तिकडं खाऊन राह्यलो अन् माझं नाव इकडं खाऊन राह्यलं, हे बराबर न्हाई." पिंपळगाव रेणुकाईतून त्याआधीही माणसं बाहेर गेली होती, पण स्वतःला कागदावरून इतकं स्वच्छ पुसून गेलेला हा पहिलाच.

गंमत अशी की कागदावरून गेलेला हा माणूस गावातून काही हलला नाही. मस्कतमध्ये चौदा वर्षं त्यांच्या मनगटावरचं घड्याळ आपल्याच वेळेवर चालत होतं. तिथली वेळ दीड तास मागे, त्यामुळे हे कामावर रोज दीड तास आधी हजर, आणि सुटायचे मात्र मालकाच्या घड्याळाप्रमाणे. मालक बिचारा त्यांना फार कष्टाळू समजायचा. ग्रामसभेला कुणीतरी फोन टेबलावर ठेवायचं आणि त्यातून साडू नालीच्या कामाबद्दल असे कडाडायचे की सरपंच फोनकडे बघून "हो जी, हो जी" म्हणायचा. रेणुकाईच्या यात्रेला हे तिकडे उपास धरायचे. कुठल्या गल्लीत कुणाची म्हैस व्याली हे मला जालन्यात बसून कळायचं नाही. ते मला मस्कतहून कळायचं.

गेल्या वर्षी रेणू तिथल्या शाळेतून बारावी झाली आणि सगळे कायमचे परत आले. पोरीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. आमची सगळी जात मेंढरामागे चाललेली. त्या घरातली पोरगी मेंढराची डॉक्टर होणार म्हटल्यावर गावाला कोण कौतुक! प्रवेश परीक्षेचे गुणही चांगले आले. पण फॉर्म भरायला बसलो तेव्हा घोडं अडलं. राज्यातली रहिवासी म्हणून प्रवेश घ्यायचा तर अधिवासाचा दाखला हवा. तो नसेल तर परदेशातून आलेल्यांच्या जागा होत्या, पण त्यांची फी ऐकून मेहुणीने पदर तोंडाला लावला. तेवढ्या पैशात मेंढरांचा नुसता कळपच नव्हे, डॉक्टरसकट कळप घेता आला असता. दाखला मिळाला तर शिक्षण, नाहीतर रेणूने घरी बसायचं, इतकी साधी गोष्ट होती.

सेतू केंद्रातल्या मुलीने विचारलं, रेशनकार्डात नाव? नाही. मतदारयादी? नाही. मागच्या काही वर्षांचा रहिवासाचा पुरावा? साडूंनी अभिमानाने पासपोर्ट काढला. तिने शिक्के पाहिले आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्ही इथं नव्हता, याचाच पुरावा तुमच्याकडं पक्काय."

शेवटी बापाचा रहिवास पोरीला लागू धरून गावात चौकशी आणि पंचनामा करायचं ठरलं. फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. मी शाळेतून रजा टाकून गेलो. साडूंच्या ओट्यावर तलाठी बसले, समोर पाच शेजारी पंच म्हणून. गावाने आदल्या दिवशी आपसात काहीतरी ठरवलं होतं, हे त्यांच्या धुतलेल्या टोप्यांवरून मला कळलं. पहिल्याने घसा साफ करून सांगितलं, "साहेब, हा माणूस गावाबाहेर गेलाच न्हाई." दुसरा म्हणाला, "बिलकुल न्हाई. रोज आवाज ऐकून राह्यलो ना आम्ही." तिसऱ्याने तर मागच्या पोळ्याला यांच्यासोबत पुरणपोळी खाल्ल्याची शपथ घेतली. तलाठी लिहीत होते. दारात रेणू उभी होती, तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. आणि तेवढ्यात साडू उठले.

"साहेब, हे खोटंय. मी चौदा वर्षं मस्कतला व्हतो."

तलाठ्यांनी पेन खाली ठेवलं. त्या क्षणी साडूंच्या तोंडात घोंगडी कोंबावी असं मला वाटलं, हे मी कबूल करतो. मेहुणी आत निघून गेली. रेणू मात्र बापाकडे बघत तशीच उभी राहिली.

मग कोपऱ्यात बसलेले साडूंचे चुलते तात्या बोलले. तात्यांचं वय ऐंशीच्या पुढे, आणि उभं आयुष्य मेंढरामागे गेलेलं.

"साहेब, माझा बाप दसरा झाला की मेंढरं घेऊन निघायचा, ते पाऊसकाळ लागल्यावर परत. वर्षाचे आठ महिने परमुलखात. कोनाच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची, तिथंच ऱ्हायचं. मी सोता वाटंवर जन्मलो. मंग मी कुठला?"

"पिंपळगावचाच की," तलाठी म्हणाले.

"मंग ह्यो कुठला? निघताना माझी माय चूल सारवून जायची, मोडून न्हाई. ह्याचीबी चूल आत हाय, बघा जाऊन. ह्यो चरायला गेल्ता साहेब. जरा लांब गेल्ता, एवढंच."

तलाठी हसले, पण विचारात पडले. कामधंद्यासाठी तात्पुरता बाहेर गेलेला माणूस परत यायचा इरादा ठेवून गेला असेल तर त्याचं गाव तुटत नाही, असं नियमालाही मान्य आहे, ते म्हणाले. मग साडूंकडे वळले. "तुम्ही परत यायचं ठरवून गेलता का? खरं सांगा."

खरं सांगा, असं या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी फायद्याचं म्हणून सांगितलं असेल.

"साहेब, मी गेलो त्या दिसापासून परत येऊन राह्यलो."

पंचनाम्यात पुढे 'सदर इसम रोजगारानिमित्त तात्पुरते बाहेर होते व परत येण्याचा त्यांचा इरादा कायम होता' असं वाक्य पडलं. तात्यांची मेंढरं सरकारी मराठीत बसली नाहीत, पण दाखला मुदतीच्या आत हातात आला आणि पोरीला राज्याच्या फीत प्रवेश मिळाला. गावात पेढे वाटले. पुरणपोळीची शपथ घेणाऱ्याला साडूंनी पेढा दिला आणि वर खोटं न बोलण्यावर अर्धा तास ऐकवलं.

रेणू वसतिगृहात निघाली त्या दिवशी आम्ही तिला सोडायला जालन्याच्या स्टँडवर गेलो. ती आणि मेहुणी पाण्याची बाटली आणायला गेल्या. मी म्हटलं, "साडूभाऊ, जिंकलात की. आता कागदोपत्री पोरगी पिंपळगावची."

"कागदावर हाय, गुरुजी," ते म्हणाले. "काल मी तिला म्हणलं, सुट्टी लागली की जल्दी घरी ये. तिनं सहज इचारलं, कोनतं घर, बाबा?"

मी हातातली रेणूची बॅग खाली ठेवली.

"तिच्या मैत्रिणी तिकडं, शाळा तिकडं. रोज संध्याकाळी समुद्रावर जायची ती. मी चौदा वर्षं परत येऊन राह्यलो. मी परत आलो, गुरुजी. ती निघून आली."

होईल सवय तिला, एवढं मला सहज म्हणता आलं असतं. इतर कुणालाही मी म्हटलंच असतं. पण या माणसाची थट्टा करण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि त्याच्यासमोर उभं राहून ते एक वाक्य माझ्या तोंडून निघेना. गाडी लागली होती. आम्ही दोघांनी मिळून तिची बॅग वर चढवली.