बोलला की केस कापायचे

डॉरेट टीचरच्या बालवाडीत सुरुवातीला पुस्तकं दिसत नाहीत, तुरीच्या शेंगा दिसतात. चर्चचं सभागृह रविवारी देवाचं आणि बाकी आठवडा डॉरेटचं. बाकांवर ओळीने पोरं बसतात, मांडीवर शेंगा घेऊन दाणे काढतात, निम्मे दाणे जमिनीवर सांडतात. उरलेले माझ्या पातेल्यात येतात. मी तिथली स्वयंपाकीण अर्सलीन, त्यामुळे मला ही शिक्षणपद्धत फार पटते. आईबापांना मात्र ती कधीच पटली नाही. दर सप्टेंबरला कोणीतरी तणतणत येतंच.

"टीचर, पोरगं शिकायला धाडलंय, अर्सलीनच्या हाताखाली राबायला नाही!"

"बोटांत जोर नसेल तर पेन्सिल काय दातांनी धरणार आहे?" डॉरेट विचारते. तिचा आवाज असा, की खालच्या वळणावरचा बसवाला थांबून वर बघतो.

ही बाई कॉलेज संपवून उन्हाळ्यापुरती मदतीला म्हणून ग्रेसहिलला आली आणि इथलीच झाली. तिची बहीण कॅनडाहून बोलावून बोलावून दमली. येशील तेव्हा लागतील म्हणून थंडीचे जाडजूड कोटही पाठवत राहिली. जमैकाच्या उन्हात कोटांचं काय करणार? आमची पोरं दुपारी त्यांच्यावर झोपतात.

तर त्या वर्षी तिच्या वर्गात जेव्हॉन होता. पाच वर्षं उलटून गेलेली आणि तोंडातून शब्द नाही. आई दूर हॉटेलात कामाला, म्हणून पोरगा आजीकडे. आजी म्हणजे मिस ॲडिना. ही गुरुवारी पहाटे यामचे कंद आणि थाइम या वासाच्या पाल्याच्या जुड्या घेऊन बाजाराला जायची ती शनिवारी रात्री परतायची, सोमवार ते बुधवार शेतात. जेव्हॉनच्या केसांच्या वेण्या खांद्याखाली आलेल्या. कारण आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे, बोलायच्या आधी मुलाच्या केसांना कात्री लावली की त्याची वाचा अडते. डॉरेटचा यावर विश्वास नव्हता. माझा होता, अजूनही थोडा आहे.

गावात जो तो पोराला चिडवायचा. "काय रे जेव्हॉन, बोल की! बोललास की न्हावी बोलावतो!" आम्हाला वाटायचं आपण लाड करतोय.

एप्रिलमध्ये मोठ्या शाळेचे हेडमास्तर आले. मुलगे पहिलीत येताना बारीक केस कापून येतात, हा त्यांचा नियम. त्यांनी वेण्या बघितल्या, दोनचार प्रश्न विचारले, उत्तर आलं नाही. "याला किंग्स्टनला मुक्या मुलांच्या वसतिशाळेत टाका," म्हणाले, आणि माझं डंपलिंग खाऊन गेले. मला त्या डंपलिंगचं फार वाईट वाटलं.

"तो मुका नाही!" डॉरेट खवळली. "सगळं समजतं त्याला. सोड्याच्या बाटल्यांची बुचं रंगाप्रमाणे लावतो, गोष्टीत योग्य ठिकाणी हसतो. बोलत नाही, एवढंच."

"बोलतो," मी म्हणाले. "माझ्या बकरीशी. काल स्वयंपाकघरामागे बकरीच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगत होता. मी गेले तर गप्प."

डॉरेट तशीच उठून मिस ॲडिनाच्या शेतावर गेली. म्हातारीने कुदळ खाली ठेवली नाही. "बकरीशी बोललेलं मी धरत नाही, टीचर. माणसाशी बोलू दे, त्याच दिवशी केस उतरवते."

डॉरेटच्या वर्गात एका कोपऱ्यात 'दुकान' असतं. कधी बेकरी, कधी दवाखाना. विकत घेणाऱ्याला मागावं लागतं, विकणाऱ्याला सांगावं लागतं, असं करत पोरं बोलायला आणि मोजायला शिकतात. जेव्हॉन दर खेळात पहिला पुढे, खाणाखुणांनी अख्खी बेकरी चालवायचा. त्या आठवड्यात डॉरेटने मुद्दाम न्हाव्याचं दुकान मांडलं. चमचा म्हणजे मशीन, टॉवेल म्हणजे टॉवेल. जेव्हॉनने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि जो बाकाखाली शिरला तो जेवणापर्यंत बाहेर आला नाही.

डॉरेट जमिनीवर पालथी झाली. एवढी थोराड बाई, सहज वाकत नाही. "दुखेल म्हणून भीती वाटते?"

मान हलली. नाही.

"मग केस आवडतात तुला?"

त्याने विचार केला. परत नाही.

"अर्सलीन," ती कपडे झटकत मला म्हणाली, "केसांचं नाहीच हे. दुसरंच काहीतरी आहे."

रविवारी चर्चनंतर ती मला ओढत मिस ॲडिनाच्या घरी घेऊन गेली. निमित्त म्हणून मी रताळ्याचं पुडिंग घेतलं, म्हणजे आम्ही सहज आलोय असं दिसावं. म्हातारी पायरीवर बसली होती. खालच्या पायरीवर, तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे, जेव्हॉन. ती एकेक वेणी सोडत होती, खोबरेल चोळत होती, विंचरत होती आणि एका लबाड बेडकाची गोष्ट सांगत होती. पोराने डोळे मिटून गाल तिच्या गुडघ्याला लावला होता. आठवड्यात तेवढीच एक दुपार आजी त्याची होती. मी पुडिंग हातात धरून उभीच राहिले.

डॉरेट मात्र लगेच म्हणाली, "मिस ॲडिना, केस गेल्यावर रविवारी काय करणार?"

"काय करणार म्हणजे? सुटले! पाय पसरून झोपेन. रोज सांगते ह्याला, बोल रे राजा, म्हणजे आजी या डोक्यातून सुटली."

पोराचे डोळे उघडले. मान ताठ झाली.

"मग कशाला बोलेल तो?" डॉरेट अशी कडाडली की कोंबड्या पळाल्या. "बोलला की केस जाणार, केस गेले की तुम्ही जाणार! कोणी बोलेल का? मी तरी बोलले असते का?"

मिस ॲडिना बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई. तिचा कंगवा हवेतच राहिला. तिने खाली वाकून नातवाचा चेहरा बघितला. तो पायरीवरच्या मुंगीकडे बघत होता, फार लक्ष देऊन.

"ऐक रे," ती शेवटी म्हणाली. "केस असू देत नाहीतर नसू देत. रविवारी तू इथेच बसायचंस. तेल मी लावणारच."

मुंगी पायरीच्या फटीत गेली.

"आणि गोष्ट?" जेव्हॉनने विचारलं.

म्हातारीने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "अरे मेल्या! एवढी वर्षं तोंड शिवून बसलास होय रे!" आणि मग त्याला असं कवटाळलं, की खोबरेल तिच्या चर्चच्या पोशाखाला लागलं. डॉरेट रडत होती आणि माझं पुडिंग खात होती.

बालवाडीच्या पदवीदानाला आमची पोरं झगे आणि चौकोनी टोप्या घालतात. जेव्हॉनची टोपी नुकतेच केस उतरवलेल्या तुळतुळीत डोक्यावरून नाकावर घसरत होती आणि तिच्या आतून तो अखंड बोलत होता. पाद्रीबुवांची प्रार्थना दोनदा अडली. हेडमास्तरांनी डॉरेटला हळूच विचारलं, "याला गप्प कसं करता हो?"

"तुमच्याकडे पाठवतेय ना," डॉरेट म्हणाली, "आता तुम्हीच शोधा."

पुढच्या रविवारी मी मिस ॲडिनाच्या घरावरून जात होते. दोघं पायरीवर, नेहमीच्या जागी. बेडकाची गोष्ट रंगात आली होती, टक्कल तेलाने चकाकत होतं आणि म्हातारी त्यावरून सावकाश कंगवा फिरवत होती.

"आजी," जेव्हॉन डोळे न उघडता म्हणाला, "ही बाजू राहिली."

तिने त्याची मान वळवली आणि ती बाजूही विंचरली.