हातमोजेताईंनी रद्द केलेलं हाड

हातमोजेताई हे नाव तिला प्रयोगशाळेतल्या पोरींनीच ठेवलं होतं. बेवारस हाडांतून डीएनए काढायचा आणि हरवलेल्या माणसांच्या नातेवाइकांशी जुळवून बघायचा, हे तिचं काम. बावीस वर्षं तेच. घटकेघटकेला मोजे बदलायची, टेबल पुसायची आणि कुणी मास्क खाली ओढून बोललं, की अशी खरडपट्टी काढायची की तो माणूस आठवडाभर मुका. कामाचा तिला भारी तोरा होता, आणि तो खोटाही नव्हता.

घरी आई. तेरा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ कामावर म्हणून गेला, तो परतलाच नाही. ताई दारात चपला काढायची तोवर आतून आवाज यायचा, "आज काही?"

"नाही गं."

मग दोघी जेवायला बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी नदीच्या गाळातलं एक हाड आलं, पार भुगा व्हायला आलेलं. मोठ्या कष्टाने त्यातून डीएनएच्या चार-पाच खुणा हाती लागल्या आणि यंत्राने इशारा दिला. तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचा डीएनए यंत्रात नोंदवलेला असतो; कुणाची थुंकी, कातडी नमुन्यात पडली तर लगेच कळावं म्हणून. खुणा ताईशी जुळत होत्या. ताईशी! तिचे कान तापले. खरं तर हाड पुन्हा तपासायला हवं होतं, पण त्याला साहेबांची सही लागते, म्हणजे सगळीकडे बोभाटा. तिने वहीत 'दूषित, रद्द' असं लिहिलं आणि उरलेला तुकडा फ्रीजरच्या तळाशी सारला. रद्द नमुना नातेवाइकांशी जुळवायला कुणी नेत नाही.

यंदा नवे साहेब आले. फ्रीजर रिकामा करण्याआधी रद्द नमुने एकदा बघून घ्या, म्हणाले. ताईचं नाव लागलेलं म्हणून ताई खोलीबाहेर. काम शेजारच्या टेबलावरच्या पोरीने केलं. सोबत नेहमीप्रमाणे नुसत्या पाण्याची एक नळी लावली. तिच्यात काही उमटलं तर घोळ आपला. ती कोरी राहिली. या वेळी खुणा भरपूर मिळाल्या, पण ताईशी निम्म्याच जुळल्या, सख्ख्या भावंडांच्या जुळतात तशा. आणि हाड पुरुषाचं होतं.

पोरगी कागद घेऊन आली. "ताई, हे दूषित नव्हतं हो. हे तर..." तिने कागदच पुढे केला.

ताईने कागद वाचला. भाऊ हरवला तेव्हा आईने दिलेल्या नमुन्याशीही खुणा जुळल्या होत्या. आता रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. काहीच वाटेना, हातांना भूल दिल्यासारखं झालं होतं. तिने अहवालावर तारीख घातली, मोजे काढून डब्यात टाकले आणि घरी गेली.

"आज काही?"

"सापडला, आई. हाड सापडलं."

आई म्हणाली, "कधी आला तुमच्याकडे?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तेवढीही उठाठेव ताईच्याने होईना.

"दोन वर्षं झाली."

आईने मान हलवली. "मी रोज विचारत होते की गं तुला."