गाडीची नाडी

डॉक्टरीणबाई रस्त्यात कोणासाठी थांबत नसत. अकोल्याच्या जठारपेठेतून त्यांची मोटार बैलगाडीच्या चालीने जाई आणि ज्याला दुखणं सांगायचं असेल तो शेजारून चालत, कधी धावत, सांगत असे. बाई एका हाताने चाक सांभाळून दुसरा बाहेर काढत. "जीभ दाखव. पुरी काढ ना बे! कावून लाजून राहिला?" चौक येईपर्यंत निदान होई आणि औषधाचं नाव शेजारी बसलेल्या माझ्याकडे भिरकावलं जाई. मी त्यांचा कंपाउंडर.

नवख्याला हा तोरा वाटे. खरं कारण मोटार होती. पळताना ती छान पळे. पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिन थरथरे, उचक्या देई आणि गप्प होई. मग मी उतरायचं, पुढे हॅंडल खुपसायचं आणि खांदा निखळेस्तोवर फिरवायचं.

बाई अमरावतीच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्याच्या घरातल्या. नागपूरला डॉक्टरकी शिकल्या, पण बोलणं वऱ्हाडीच राहिलं. पुण्याच्या एका पाहुणीने त्याबद्दल नाक मुरडलं, तेव्हा म्हणाल्या, "पोटात दुखलं का बाई मले 'वेदना होतात' म्हनत नाई, 'मेली वो माय' म्हनते. मी तिच्यासाठी बोलतो, तुमच्यासाठी नाई."

मोटारीवर उपचार पुष्कळ झाले. मिस्त्रीने कार्बुरेटर धुतला. शेजारच्या वकीलसाहेबांनी प्लग बदलायला लावले. बाईंचे भाऊ वांग्यांचं पोतं घेऊन अमरावतीहून आले, त्यांनी दिव्याखाली लिंबू-मिरच्या बांधल्या. दर उपचारानंतर मोटार घटकाभर शहाण्यासारखी वागे. बाई वैतागत, "औषध सारेच सांगून राहिले, नाडी कोनीच पायत नाई." स्वतः पाहावी, तर त्यांना उसंत नव्हती.

शेवटी ती नाडी नको त्या वेळी पाहावी लागली. कापसाचे दिवस होते. अकोटच्या वाटेवरच्या एका खेड्यात शेतकऱ्याची सून अडली होती. बाईंनी तिला तपासलं. बाळ आडवं होतं. "हिले अकोल्याले न्या लागते. आत्ताच." सुनेला मागच्या सीटवर निजवलं, सासूने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो.

अकोला जवळ आलं आणि सरकी काढायला जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरला. त्यांच्यामागे रांगायचं तर ब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर तिन्ही दाबायचे, आणि बाईंना पाय दोनच. मोटार बंद पडली. मी उतरून चालू केली. पुन्हा पडली. पुढच्या खेपेला हॅंडलने उलटा झटका देऊन माझं मनगटच सुजवलं. मागे सून विव्हळत होती. मग विव्हळणंही थांबलं.

बाईंनी वळून तिची नाडी पाहिली आणि स्टेथोस्कोप घेऊन खाली उडी मारली. "कर रे चालू. आन् पायानं दाबून धर."

मी दुसऱ्या हाताने इंजिन चालू केलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसलो. बाईंनी स्टेथोस्कोपची पुढची तबकडी काढून नळीचं उघडं टोक इंजिनावरून फिरवायला सुरुवात केली. गाडीवान गोळा झाले. एकजण म्हणाला, "बाई, तहानली असन, पानी पाजा." "चूप! आयकू दे." एका जागी बाई थबकल्या. "सापडली! चोरून श्वास घेऊन राहिली लेकाची!"

काचेवरचं पाणी पुसणारा वायपर, इंजिन नळीतून हवा ओढतं त्या ओढीवर चाले. त्याची रबरी नळी अकोल्याच्या उन्हाने तडकली होती आणि त्या फटीतून इंजिनात हवा शिरत होती. पळत्या इंजिनाला एवढीशी हवा जाणवत नव्हती. मंद झालं की तीच त्याचा जीव घेई. बाईंनी पेटीतून रक्त थांबवायचा चिमटा काढला आणि फटीच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, नळी करकचून आवळली. "पाय काढ."

मी भीत भीत पाय काढला. मोटार दुपारच्या मांजरीसारखी घुरघुरत उभी राहिली.

सासू खिडकीतून ओरडली, "बाई, थो चिमटा आमच्या सुनेले लागन न!"

"दवाखान्यात लय चिमटे हायेत, बुढे. तू तिचं डोकं धर." मग गाडीवानांकडे वळून, "आन् तुमी काय तमाशा पाहून राहिले? बैल बाजूले घ्या!"

पाहता पाहता रस्ता मोकळा झाला. मोठ्या दवाखान्यात सुनेला थेट आत नेलं. मी बाहेर मोटारीत बसून राहिलो आणि इंजिन काही बंद केलं नाही. ते आपलं आपण चालतंय, याचाच मला आनंद होता.

उन्हं कलल्यावर बाई बाहेर आल्या. "पोरगी झाली. माय-लेकी दोघी ठीक हायेत." मग भुवया चढल्या. "गाडी चालूच? पेट्रोल काय तुया बापानं भरून ठेवलं?"

मी इंजिन बंद केलं. बाई मोटारीच्या पायरीवर बसल्या. पदराने कपाळ पुसत त्या हलकेच म्हणाल्या, "रस्त्यात तिची नाडी लागतच नोती रे. मले वाटलं, गेली पोर. लय भेली मी."

मी मोटारीतल्या सुरईतलं पाणी दिलं. त्यांनी ते निम्मं प्यायलं, निम्मं तोंडावर मारलं आणि पदर खोचून उठल्या. "चाल. आपल्या दवाखान्यात लोकं खोळंबले असतीन."

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अकोल्यात अजून जुनी माणसं सांगतात, त्या बाईला भीती कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. मी नुसती मान डोलावतो.