पिराजीकाकांचा व्हिसा आणि लेकीच्या घरचं पाणी

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं पासपोर्ट-व्हिसाचे अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. बारा वर्षांत नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली. फोटोसाठी टोपी काढायला नको म्हणणारी, जन्मतारीख विचारली की "पुराच्या साली" म्हणणारी. पण माझा रक्तदाब वाढवला तो वडणग्याच्या पिराजीकाकांनी.

काका म्हणजे चार म्हशी, दीड एकर ऊस आणि आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी बोलले तरी मला आत कळतं कोण आलंय. एकुलती लेक तेजस्वी जर्मनीत. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला बंदी केलेली. "मग म्हायेरच तिकडं न्यायचं की!" म्हणत काका आणि धोंडुबाईकाकी माझ्या दारात उभे.

मी सगळं नीट जुळवलं. विमा, सातबारा, दूध संस्थेचा दाखला, जावयाचं निमंत्रण. सोबत इंग्रजीत पत्र, की आम्ही नव्वद दिवस राहणार, राहण्या-जेवणाची सोय लेक-जावई करणार. काकांना मजकूर मराठीत वाचून दाखवला, दोघांच्या सह्या घेतल्या आणि अर्ज द्यायला मुंबईला धाडलं.

पंधरा दिवसांनी दोघांचे पासपोर्ट परत आले. व्हिसा नामंजूर. कारण काय, तर राहण्या-जेवणाची सोय पटण्याजोगी नाही.

असं होईलच कसं? मी परत आलेले कागद चाळले. पत्रावर, सहीच्या खाली, निळ्या शाईत मराठी अक्षर: 'वरील जेवणाचा मजकूर मान्य नाही. मी लेकीच्या घरचे पाणीसुद्धा पिणार नाही. कळावे. पिराजी.'

"काका, हे काय?"

"मुंबईच्या गाडीत लिवलं. खोट्या कागदावर माझी सही तशीच ऱ्हाऊ देत न्हाय मी."

"त्यात खोटं काय होतं?"

"लेकीच्या घरचं खायाचं न्हाय, प्यायाचं न्हाय. आमच्या बानं पाळलं, मी पाळतोय. अर्ज घेणारी खिडकीवरची पोरगी बी म्हणाली, काका, हे खोडा. म्हटलं, मी कोल्हापूरचा हाय, खोडत न्हाय!"

"अहो, मग नव्वद दिवस खाणार काय?"

"पीठ, चटणी, शेंगा नेणार की. पाणी बाटलीतलं इकत."

माझं टाळकंच सरकलं. "काका, तिकडचा साहेब म्हणत असेल, हे म्हातारं आमच्या देशात तीन महिने उपोषणाला येतंय!"

काकी इतका वेळ डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "सहा आठवडं राह्यल्यात पोरीचं. ताई, माझा अर्ज येगळा भरा. मी एकटी जाते. मी खाणार बी आणि पिणार बी."

ही बाई आयुष्यात कोल्हापूरच्या पुढं एकटी गेलेली नाही. काका हबकले, पण हेका सोडतील तर शपथ. "जा की! कोण आडवतंय?"

मग मीच तेजस्वीला फोन लावला, सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू केला. "बाई, तुझ्या वडलांपुढं मी हात टेकले. आता तूच बोल."

"आबा," ती म्हणाली, "लगीन झाल्यावर मी पुण्यात असताना माझ्या घरी किती येळा आलासा?"

"आलो आसंन धा येळा."

"धाही येळा मी सकाळपासनं सयपाक करून ठेवला. वाटायचं, आज तरी जेवतील. तुम्ही खुर्चीच्या कडंला बसून आपल्या बाटलीतलं पाणी पिऊन जायचासा. तुम्ही गेला की मी ताट झाकून रडत बसायची. तुमचा नेम तुम्ही पाळला आबा, पण मला काय वाटतंय, ते कधी इचारलंसा?"

काका फोनजवळ वाकले. म्हणाले, "सासरी तुझा मान ऱ्हावा म्हणून करत हुतो गं."

"हितं सासर कुठं हाय? मीच हाय की."

एवढ्या दांडग्या माणसाचे डोळे भरून आलेले मला बघवेनात. मी उगाच कीबोर्ड पुसत बसले. काकांनी खुर्ची पुढं ओढली.

"लिवा ताई नवं पत्र. पिराजी लेकीकडं जेवणार."

"लिहिलं."

"पोटभर लिवा."

"काका, व्हिसाच्या पत्रात पोटभर लिहीत नाहीत."

"मागल्या येळंला माझं अक्षर लावून वाचलं की त्यांनी! लिवा म्हणतोय न्हवं!"

लिहिलं. आणि व्हिसा आला. बाळंतपणाला दहा दिवस असताना दोघं तिकडं पोचले. पोचल्या पोचल्या काकींचा फोन.

"आलो बघा ताई. पर ह्या माणसानं वाटंत माझा जीव खाल्ला. मुंबईपासनं घोटभर पाणी न्हाय! इमानातली पोरगी चारदा पाणी घिऊन आली, हे आपलं न्हायच म्हणतंय. घसा कोरडा पडला, बोलता येईना. मला वाटलं, परत नेम धरला का काय. तर म्हणत्यात, पयलं पाणी पोरीच्या हातचं प्यायचं हाय."

आणि मागनं काकांचा आवाज, "तेजू, आजून एक तांब्या आण गं!"