एक्केचाळीसपैकी अडतीस

काल पुतण्याला हळद लावून तसाच दुकानात गेलो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली माझं बोट हिरवट उजळलं आणि जळगावच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली.

तिथे शिकणाऱ्या माझ्या मुलीने, मंजूने, असोद्याच्या आमच्या केळीच्या मुळाचा पातळ काप रंगात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. "नाना, पेशी जिवंत असली तरच हा रंग चमकतो."

मी मोजल्या. एक्केचाळीसपैकी अडतीस हिरव्या होत्या.

"या तीन पुसट का?"

"त्या मेल्या. तुम्हाला आधी गेलेल्याच दिसतात, नाना. अडतीस आहेत ना." ती हसली.

पुढच्याच वर्षी मंजू तापाने गेली. घरात आम्ही चार होतो. जेवायला बसताना तिने सांगितलं तसं मी आधी असलेले मोजतो. तीन भरतात. नजर मात्र तिच्या जागेवरच जाते.