दाजींच्या नावाला नागमोडी

माझ्या भाचीच्या लग्नाच्या निरोपात मी तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या दाजींचं नाव खोडून अख्ख्या भावकीला पाठवलं.

मुद्दाम नाही. परतूरला माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. दुकानात काही नियम माझे स्वतःचे आहेत, आणि ते मी कुणालाही न विचारता पाळतो. त्यातला एक असा, की मानाच्या माणसाचं नाव उघडं ठेवायचं नाही. दोन्ही बाजूंना एकेक नागमोडी, ~ अशी. इंजिनिअर लोक हीच खूण आकड्याआधी लावून 'अंदाजे' म्हणतात, ते मला ठाऊक होतं. पण आमच्याकडं ती शोभा. कोऱ्या नावाला गजरा माळल्यासारखी.

आता मागचं सांगतो. या लग्नाच्या पत्रिका दाजींनी जालन्याला छापल्या. सख्ख्या मेव्हण्याचं दुकान असताना. टिळ्याच्या दिवशी पंगतीतच मी बोललो होतो, "आमच्या मशिनीला काय महारोग झालाय का?" चार पाहुणे हसले. दाजी हसले नाहीत. ताईनं माझ्या पत्रावळीत भात वाढला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर मला लाज वाटली. (वाटते कधीकधी.) म्हणून चूक सावरायला दुकानात संगणकावर एक फक्कड निरोप तयार केला. वडीगोद्रीचं लग्न, सगळ्यांनी यावं, आणि मध्यभागी दाजींचं नाव, नागमोड्यांत. तो मोबाइलवर घेतला, भावकीच्या ग्रुपवर चिकटवला, चष्मा न लावता पाठवला आणि कागद कापायला बसलो. मोबाइलमध्ये त्याच दोन नागमोड्या मधल्या शब्दांवर आडवी रेघ मारतात, हे सगळ्या जगाला माहीत होतं. मला सोडून.

आधी चुलत भावाचा निरोप आला, "दाजीला खोडलं का काय?" मी घाबरून आपला निरोप काढून टाकला. तोपर्यंत त्याचे फोटो फिरून राह्यले होते. शिवाय ग्रुपवर सगळ्यांना दिसेल अशी खूण राहिली, की यानं काहीतरी लिहून पुसलंय.

मग दाजींचा फोन.

"मेव्हणे, आम्ही जित्ते हाओत अजून."

"दाजी, तसं न्हाई, ते डिझाइन हाय."

"जालन्याच्या प्रेसवाल्यानं न्हाई केलं असलं डिझाइन. लग्नाच्या घरात मालकाच्या नावावर रेघ मारता?"

"तुमच्या गळ्याची शप्पथ..."

"माझा गळा ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि ठेवला. त्या गडबडीत मी शप्पथसुद्धा चुकीच्या माणसाची घेतली.

आमच्यात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. भाचीला बोहल्यावर आणायची, मंगलाष्टकं संपेपर्यंत मागं उभं राहायचं. तिच्या जन्मापासून ती जागा माझी होती. फेटाही विकत घेतला होता, गुलाबी. लग्नात माइकवरून आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि मी उठलो. तेवढ्यात मंडपाच्या दारातून भाची आली, आणि तिच्या मागं चुलत भाऊ. तोही मामाच, चुलत का होईना. मी उठलोच होतो, म्हणून पाणी प्यायला गेलो. तहान नव्हती. फेट्यात माणूस पाणी पितो तेव्हा सगळे बघतात.

जेवणं झाल्यावर ताई एकटी सापडली. फोटो पाहायला तिनं मोबाइल पुढं केला. ग्रुपवर सकाळी टाकलेले माझे आशीर्वाद होते, आणि माझ्या नावाआधी नागमोडी! मला इतका आनंद झाला, काय सांगू. म्हटलं, रुसवा गेला, बहिणीनं मान दिला.

"ताई, तू लावली व्हय ही?"

तेवढ्यात चुलत भाऊ शेजारी येऊन उभा राहिला. "आरं, नंबर मोबाइलमधी सेव्ह नसला की फोन आपोआप लावतो ती," तो हळूच म्हणाला. म्हणजे अनोळखी माणसाला.

मी ताईकडं पाहिलं. "दाजींनी काढला का गं नंबर?"

"त्यायनी कशाला? म्यां काढला," ताईनं मोबाइल माझ्या हातातून घेतला. "तू फोन केला की घरात भांडण व्हतं. पोरीची पाठवणी होईस्तोवर थांबू नको, आधीच नीघ."